थांबायचे, पण कशासाठी?

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला खर्ड्याहून दादाचा फोन आला. गावाकडून इतक्या सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतोच. पण दादाचा आवाज निवांत होता. पाऊस कसा आहे, माझा गुडघा कसा आहे, पुण्यात पाणी किती वेळ येते, अशी सगळी वळणे घेत तो मुद्द्यावर आला.

"पोरीला टॅब पाहिजे म्हणतीय. जामखेडला चौकशी केली, चौदा हजार सांगत्यात. आत्ताच घेऊ, का जरा थांबू?"

पोरगी म्हणजे माझी पुतणी. मे महिन्यात तिचा दहावीचा निकाल लागला होता. गुण चांगले होते आणि तिला विज्ञान शाखेला जायचे होते. खर्डा हे जामखेड तालुक्याच्या आग्नेय टोकाचे गाव. जिल्हा अहिल्यानगर, पण बीड आणि धाराशिवच्या सीमा जवळ. नावाजलेले क्लास मात्र लांब. रोज जा-ये करण्यापेक्षा घरी बसून तासांच्या चित्रफिती पाहाव्यात, पुस्तके पडद्यावर वाचावीत, सराव परीक्षा द्याव्यात, असा तिचा विचार. घरात चांगला मोबाइल एकच. तो दादाच्या खिशात, आणि दादा दिवसभर रानात.

मी घरातला शिकलेला, शहरात राहणारा. त्यामुळे असल्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानला जातो. मी ऐटीत सांगितले, "दादा, घाई करू नकोस. या वस्तू दिवसेंदिवस स्वस्त होतात. दिवाळीत सेल लागतील, तेव्हा बघू."

हा सल्ला चुकला. कसा चुकला ते सांगण्यासाठी हा लेख. कारण हाच प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो आणि बहुतेक घरांत एखादा शहाणा काका असाच सल्ला देत असतो.

थांबणाऱ्यांची पिढी

दादा आणि मी ज्या काळात वाढलो, त्या काळात थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. बजाजची स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहायची. टेलिफोनचा अर्ज करायचा आणि विसरून जायचे. गॅसचा नंबर लागला की शेजाऱ्यांना पेढे वाटायचे. पैसे असूनही वस्तू मिळत नसे, म्हणून आपण थांबत होतो. आता दुकाने वस्तूंनी ओसंडून वाहतात आणि तरीही आपण थांबतो, उद्या याहून चांगली आणि याहून स्वस्त येईल म्हणून. सवय जुनीच राहिली, कारण मात्र उलटे झाले.

हा नवा पेच मध्यमवर्गाला पहिल्यांदा नव्वदच्या दशकात कळला, घरी संगणक घेताना. ३८६ घ्यावा तर ४८६ आलेला असे. ४८६ साठी पैसे जमवावेत तर १९९३ मध्ये पेंटियम येऊन दाखल झाला. ज्याने घेतला तो हळहळे आणि ज्याने घेतला नाही तो मिशीला पीळ देई.

त्यामागे शास्त्रही होते. पुढे इंटेल कंपनीचे एक संस्थापक झालेले गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एक निरीक्षण मांडले. एका चिपवर बसणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होते आहे, असे ते निरीक्षण. १९७५ मध्ये त्यांनी ही मुदत सुधारून दोन वर्षे केली. कित्येक दशके हा अंदाज खरा ठरत गेला. तेव्हा थांबणारा माणूस काही वेडा नव्हता.

पण या हिशेबात एक मेख आहे. स्वस्त होते ते कालच्या ताकदीचे यंत्र. आपण दुकानात जातो ते आजचे यंत्र पाहायला. त्यामुळे खिशातून जाणारा आकडा फारसा हलत नाही, त्या आकड्यात मिळणारी वस्तू तेवढी सुधारते. गेल्या वर्षी बारा हजारांचा टॅब पाहिला असेल, तर या वर्षी आपण पुन्हा बारा हजारांच्याच आसपासचा पाहतो. वर्षभर थांबून हाती येतो तो थोडा वेगवान, थोडा हलका टॅब. तेवढ्यासाठी थांबणे परवडते का, हे ज्याचे त्याने ठरवायचे. पण त्यात पैसे वाचले, असे म्हणता येत नाही.

'आकाश'कडे डोळे

टॅबच्या बाबतीत तर आपल्या देशाने एकदा सामुदायिक वाट पाहिलेली आहे. ॲपलचा आयपॅड २०१० मध्ये बाजारात आला आणि पाटीएवढ्या काचेवर बोट फिरवून पुस्तक वाचता येते हे लोकांना दिसले. किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. मग ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' या स्वस्त टॅबचे उद्घाटन केले. तो डेटाविंड या कंपनीने बनवला होता. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडणार होता आणि विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्तात मिळणार होता. देशभर केवढा उत्साह! आता दुसरे काही घ्यायलाच नको, 'आकाश' येतोच आहे, असे कितीतरी पालक तेव्हा म्हणत.

पहिल्या 'आकाश'चा पडदा सात इंचांचा होता आणि बोट दाबून फिरवावे लागे. यंत्र मंद होते. तक्रारी आल्या. मग काम पवईच्या आय.आय.टी.कडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' सादर झाला. तो आधीच्यापेक्षा बराच चांगला होता. पण घरोघरी 'आकाश' पोहोचण्याचा दिवस काही उजाडला नाही आणि काही वर्षांत ही योजना विरून गेली. या प्रयत्नाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. गरीब मुलाच्या हाती पडदा असावा, ही इच्छा चांगलीच होती. पण २०११ मध्ये आठवीत असलेल्या मुलाच्या बापाने 'आकाश'ची वाट पाहिली असेल, तर ते मूल बारावी होऊन बाहेर पडले तरी बाप वाटच पाहत राहिला असणार.

चार महिन्यांचा हिशेब

आता पुन्हा खर्ड्याकडे. माझा सल्ला दादाने मनावर घेतला. तुरीच्या पैशांतून बाजूला काढलेले चौदा हजार वहिनीने डब्यात ठेवून दिले.

जुलैमध्ये कुणीतरी सांगितले, सरकार फुकट टॅब देते. ते खोटे नव्हते. 'महाज्योती' ही संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावीनंतर विज्ञान घेणाऱ्या मुलांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेटचा डेटा देते. योजना उपयोगाची आहे. आमचे घर तिच्या अटींत बसत नव्हते. तरी आपल्यासाठीही असेच काही निघेल, या आशेवर जुलै गेला.

११ ऑगस्टला अकरावीचे वर्ग सुरू झाले. त्या वर्षी पहिल्यांदाच राज्यभराचे प्रवेश ऑनलाइन होते, त्यामुळे उशीर झालाच होता. चार दिवसांनी, १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जी.एस.टी. कमी करणार असल्याचे जाहीर केले. दादाचा फोन आला, "थांबायचं ना मग?" मी म्हणालो, "अर्थात!" २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. मोठ्या टी.व्ही.चा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वातानुकूलन यंत्रांचा आला, लहान मोटारींचा आला. टॅबवर आधी १८ टक्के होता, नंतरही १८ टक्केच राहिला.

आणि त्याच सप्टेंबरात पावसाने होत्याचे नव्हते केले. मराठवाडा, सोलापूर आणि आमचा जामखेड-कर्जतचा पट्टा पाण्याखाली गेला. सीनेला पूर आला. दादाच्या रानात उडीद काढणीला आलेला होता, त्याच्या शेंगांना झाडावरच मोड फुटले. बांध फुटला, माती वाहून गेली. ज्वारी तर पेरायला हवी. वहिनीने डबा उघडला. चौदा हजार बांधात आणि बियाण्यात गेले.

हजार रुपये वाचवण्यासाठी मी चार महिने थांबायला लावले होते.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मला पुतणीच्या नजरेला नजर देववत नव्हती. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी वही घेऊन आली आणि म्हणाली, "काका, एक हिशेब बघता का?"

तिचा हिशेब असा होता. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी २०२७ मध्ये. जून २०२५ मध्ये टॅब घेतला असता तर तो तिला वीस महिने वापरायला मिळाला असता. चौदा हजार भागिले वीस, म्हणजे महिन्याला सातशे रुपये. आता ऑक्टोबर संपत आला होता. सेलमध्ये तोच टॅब तेरा हजारांना होता. उरलेले महिने सोळा. तेरा हजार भागिले सोळा, म्हणजे महिन्याला आठशे बारा रुपये. "म्हंजी काका, स्वस्त झाला तसा महागच पडला की."

मी वही हातात धरून कितीतरी वेळ बसलो. मूरचा नियम मला पाठ होता, हा साधा भागाकार मात्र सुचला नव्हता.

तिला तो का सुचला, हेही मला ठाऊक होते. कारण तिने एकदा थांबून पाहिले होते. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ती सहावीत जात होती. तास मोबाइलवर भरत आणि मोबाइल रानात. शाळा काय, महिन्याभरात उघडेल, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. सिंधुदुर्गातल्या एका मुलीने नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला, ही बातमी आम्ही कौतुकाने एकमेकांना वाचून दाखवली. आमच्या घरातली मुलगी त्याच वेळी उंबऱ्यात बसून बापाची वाट पाहत होती. गावातल्या शाळा नीट सुरू व्हायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. सहावीतले अपूर्णांक तिचे कच्चे राहिले ते राहिलेच.

किल्ल्यातले थांबणे

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे किल्ल्यावर गेलो. निंबाळकर सरदारांनी अठराव्या शतकात बांधलेला हा भुईकोट आमच्या गावाची शान. लहानपणी आम्ही इथेच सूरपाट्या खेळलो. तटावर बसून मी तिला खर्ड्याची लढाई सांगू लागलो. तिला ती माझ्यापेक्षा चांगली येत होती.

निजामाकडे चौथाईची थकबाकी वर्षानुवर्षे साचली होती. नाना फडणीस ती मागत होते आणि निजामाचा दरबार टोलवाटोलवी करत होता. पण नाना त्या काळात नुसते बसलेले नव्हते. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे एका झेंड्याखाली येईपर्यंत त्यांनी जुळवाजुळव केली. इंग्रज तटस्थ राहिले. मग ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ लढाई झाली. निजाम अली मागे हटला आणि याच किल्ल्याच्या आश्रयाला आला. वेढा पडला. आत अन्नपाण्याचे हाल सुरू झाले आणि काही दिवसांतच त्याला मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या.

म्हणजे थांबले दोघेही. नाना थांबले तेव्हा त्यांचे बळ वाढत होते. निजाम तटाआड थांबला तेव्हा त्याचे पाणी आटत होते.

पुढचे मात्र तिने सांगितले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचे भांडण लागले आणि खर्ड्याला मिळवलेले बरेचसे नानांना पुढच्याच वर्षी सोडून द्यावे लागले. मिळालेली वेळही कायमची नसते, असे ती म्हणाली आणि तटावरून खाली उतरू लागली.

मी पैसे देऊ केले, दादाने घेतले नाहीत. शेवटी वहिनीने बचत गटातून कर्ज काढले आणि दिवाळीच्या पाठोपाठ जामखेडहून टॅब आणला. वाचलेले हजार रुपये गटाच्या व्याजात जातील.

घेताना काय पाहावे

या साऱ्यातून मी जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. किंमत विचारण्याआधी कॅलेंडर पाहा. ही वस्तू कोणत्या कामासाठी हवी आणि त्या कामाची तारीख कोणती? तारीख ठरलेली असेल, म्हणजे परीक्षा, प्रवेश किंवा नवे वर्ग, तर पुतणीचा भागाकार करून बघा. वस्तू मोफत देणाऱ्या योजनेत बसत असाल तर अर्ज जरूर करा, त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा, पण निवड होऊन टॅब हाती येईपर्यंतचे महिनेही हिशेबात धरा.

तारीखच नसेल तर खुशाल थांबा. मला स्वतःला दिवाळी अंक वाचायला टॅब घ्यायचा आहे. तीन वर्षे झाली, मी थांबलो आहे आणि माझे काहीही अडलेले नाही. कागदाचे अंक आहेत, चष्मा आहे. असे थांबणे मला परवडते.

जुने मॉडेल स्वस्तात मिळते तेव्हा एक गोष्ट विसरू नये. टॅबला कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा काही ठरावीक वर्षेच मिळतात. ही वर्षे सहसा ते मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल स्वस्त दिसते, पण त्याच्या आयुष्यातली दोन वर्षे दुकानातच सरलेली असतात. दुकानदाराला हे विचारावे, आणि दुरुस्तीचे केंद्र किती लांब आहे हेही विचारावे. काच फुटली की पुणे गाठावे लागणार असेल, तर एस.टी.चे भाडेही किमतीत धरायला हवे.

अभ्यासासाठी घ्यायचा तर पडदा दहा-अकरा इंचांचा बरा. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. पण लहान पडद्यावर त्यांचे पान मावत नाही, मुलांना सारखे पान सरकवत बसावे लागते. पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडचाही उपयोग करता येतो. ती कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी राबवली आणि पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण सारे जाणतोच. सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा संगणकावर होतात, त्यामुळे पडद्यावर प्रश्न वाचायचा सराव कामी येतो. नीट आजवर कागदावर होत आली आहे. तिथे वही-पेन्सिलच खरी.

आणि घेण्याआधी एक आठवडा कुणाचा तरी टॅब मागून आणा. मूल त्यावर अभ्यास करते की दुसरेच काही, हे आठ दिवसांत कळते. टॅब आला म्हणून अभ्यास आपोआप होत नाही. दादाच्या घरी नियम आहे, रात्री नऊनंतर टॅब आजीच्या खोलीत. आजी त्यावर कीर्तन ऐकते.

जानेवारीत पुन्हा सकाळी साडेसहाला दादाचा फोन आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य संगणक केंद्रांसाठी मेमरी चिपांना जगभर मागणी वाढली आणि २०२५ च्या अखेरीपासून त्या चिपांचे दर चढले, ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती.

"ऐकलं का? मोबाइल, टॅब समदं महाग होणार म्हणं. आपण बरोबर टायमाला घेतला बघ!"

मी गप्प राहिलो. अशी बढाई जूनमध्ये मी मारली होती, आता त्याची पाळी होती.

मग पुतणीने फोन घेतला. महिनाभर काय केलेस, असे मी विचारले. आधी सहावीचे गणित काढले, म्हणाली. लाज वाटली, पण काढले.

"अपूर्णांक संपले काका. कालपासून त्रिकोणमिती सुरू केली."